मंत्रचळ आणि मेंदूच्या लहरी



आज बोलायचं आहे ते ओसीडीविषयी. नेमकं सांगायचं तर, ओसीडीचा अभ्यास ईईजीने, म्हणजे डोक्यावर तारा लावून मेंदूच्या विद्युतलहरी नोंदवून करतात, त्याविषयी. गेली तीसेक वर्षं हे संशोधन जोरात चालू आहे आणि त्यातला काही भाग खरोखर सुंदर आहे. पण तेच संशोधन प्रयोगशाळेतून बाहेर पडून ‘ब्रेन मॅपिंग’ नावाने दवाखान्याच्या पाटीवर येतं, तेव्हा त्याच्याशी आमचं भांडण आहे. आधी कौतुक करू, मग भांडू. मध्ये मध्ये दोन्ही मिसळलं तर सांभाळून घ्या.

सुरुवात शब्दापासून करू. ओसीडी हे नाव अलीकडचं, पण आपल्या भाषेत त्यासाठी जुना शब्द आहे: मंत्रचळ. कुणी सारखे हात धुतंय, कडी लावली का म्हणून पाच वेळा उठतंय, की म्हातारी माणसं म्हणायची, ‘याला मंत्रचळ लागलाय.’ या शब्दामागची समजूत अशी सांगतात, की मंत्र म्हणताना उच्चारात चूक झाली तर म्हणणाऱ्याला चळ लागतो. म्हणजे शब्दाच्या मुळाशीच चूक बसलेली आहे. चूक झाल्याची भीती, आणि मग ती निस्तरण्यासाठी पुन्हा पुन्हा तेच. हे लक्षात ठेवा. कारण शास्त्रज्ञांनी या आजारात जी लहर पकडली, तीसुद्धा चुकीचीच लहर आहे.

आता आजार म्हणजे काय ते थोडक्यात. मनात नको असलेला विचार घुसतो: हात अस्वच्छ आहेत, गॅस चालू राहिला, माझ्या हातून लेकराला काही होईल. विचार खोटा आहे हे बहुतेकदा त्या माणसाला कळतं. तरी जीव घाबरतो. घबराट घालवायला तो एखादी कृती करतो. धुतो, तपासतो, मोजतो, मनातल्या मनात नाव घेतो. क्षणभर बरं वाटतं आणि पुन्हा शंका. दिवसाचे तासन्‌तास यात जातात. बहुतेकांना हे पोरवयात किंवा विशीच्या आसपास सुरू होतं आणि डॉक्टरपर्यंत पोचायला कित्येक वर्षं लागतात, कारण लाज वाटते. देवाविषयी किंवा आईविषयी घाण विचार मनात येतात हे कोण कुणाला सांगणार?

किती लोकांना होतं? २०१५-१६ साली राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण झालं, त्यात प्रौढांमध्ये सुमारे ०.८ टक्के असा आकडा आला. ते सर्वेक्षण बारा राज्यांत झालं आणि त्या बारांत महाराष्ट्र नव्हता, हेही सांगून ठेवतो. तरी ढोबळ हिशेब करायला हरकत नाही. महाड आणि पोलादपूर या दोन तालुक्यांची मिळून लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत सव्वादोन लाखांच्या घरात होती. त्यातले प्रौढ धरले तर हजाराच्या वर माणसं निघतील. आपल्यापैकी प्रत्येकाच्या ओळखीत एखादं असणार. आपण त्याला ‘फार टापटीप आहे हो’ म्हणत असू.

महाडमध्ये बसून या विषयावर बोलताना दोन गोष्टी टाळता येत नाहीत.

पहिली, पाणी. २२ जुलै २०२१ ची रात्र इथे कुणाला सांगायला नको. सावित्री आणि गांधारीचं पाणी बाजारपेठेत शिरलं, तळियेवर दरड आली, पोलादपुरात केवनाळे आणि साखर सुतारवाडीत माणसं गेली. त्याच्या पाच वर्षं आधी, २ ऑगस्ट २०१६ ला, सावित्रीवरचा जुना पूल एसटीच्या गाड्यांसकट वाहून गेला होता. आता पावसाची झड लागली की माणसं रात्रीतून चार वेळा उठतात, बॅटरी घेऊन पाणी किती चढलं बघून येतात. डोंगराखाली राहणारे भेग रुंदावली का ते बघतात. हे ओसीडी आहे का? अजिबात नाही. कृती तीच आहे, पुन्हा पुन्हा तपासणं. पण इथे धोका खरा आहे, आणि पाणी उतरलं की माणूस झोपतो. ओसीडीवाल्याचं पाणी उतरत नाही. मात्र असंही एखादं माणूस असू शकतं, की पूर ओसरून वर्षं झाली तरी भर मे महिन्यात रात्री सात वेळा उठून नदीवर जातंय. तिथे शंका घ्यायला हवी. हा फरक कळला कशाने? विचारल्याने. कधी उठता, का उठता, बघून आल्यावर काय वाटतं, नाही गेलात तर काय होतं. डोक्यावर तारा लावून हा फरक सांगणारं यंत्र अजून कुठे नाही.

दुसरी गोष्ट चवदार तळ्याची. २० मार्च १९२७ ला डॉ. आंबेडकरांनी आणि त्यांच्यासोबतच्या हजारो लोकांनी या तळ्याचं पाणी प्यायलं. त्यानंतर सनातन्यांनी तळं ‘शुद्ध’ करून घेतलं. शेण, गोमूत्र, दही, दूध यांच्या १०८ घागरी त्यात ओतल्या. हा इतिहास इथल्या पोरांनाही ठाऊक आहे. आमचा मुद्दा वेगळा आहे. ओसीडीवर बोलणारे काही जण विटाळ, सोवळं-ओवळं, हे सगळं ‘समाजाचा ओसीडी’ म्हणून मोकळे होतात. वाक्य टाळ्या घेतं, पण चूक आहे, आणि रुग्णावर अन्याय करणारं आहे. घागरी ओतणाऱ्यांना शंका नव्हती. १०८ झाल्या, काम झालं, घरी गेले, समाधानाने जेवले असतील. मंत्रचळ लागलेला माणूस १०८ वर पोचला की त्याला वाटतं, मधली एखादी मोजायची राहिली, आणि तो एकपासून पुन्हा सुरू करतो. त्याला समाधान मिळत नाही हाच तर त्याचा आजार. शिवाय तो स्वतःला छळतो. त्या घागरींनी दुसऱ्यांना छळलं. तळ्याच्या वादाचा निकाल मुंबई उच्च न्यायालयाने मार्च १९३७ मध्ये दिला, तोही आंबेडकरांच्या बाजूने. एकाचा इलाज दवाखान्यात, दुसऱ्याचा रस्त्यावर आणि कोर्टात. दोन्हींना एकच नाव देऊन दोन्हींचं नुकसान होतं.

अर्थात सोवळ्याचा एक उपद्रव रुग्णाला होतोच. घरात कुणी तीन-तीन तास मोरीत असेल तर ‘आमच्याकडे पूर्वीपासून पाळतात’ या वाक्यामागे आजार दहा वर्षं लपून राहतो.

बरं. आता लहरींकडे.

माणसाच्या डोक्यावरून मेंदूच्या विजेची पहिली नोंद हान्स बर्गर या जर्मन मानसोपचारतज्ज्ञाने १९२४ साली केली आणि १९२९ मध्ये प्रसिद्ध केली. कवटीवर जे हाती लागतं ते मायक्रोव्होल्टमध्ये, म्हणजे व्होल्टच्या दहा लाखाव्या भागाच्या हिशेबात. हृदयाचा कार्डिओग्राम याच्या कित्येक पट मोठा असतो. पापणी लवली, दात आवळले, कपाळाला आठी पडली, तर त्या स्नायूंची आणि डोळ्यांची वीज मेंदूच्या लहरीला सहज झाकून टाकते. ईईजीला मेंदूत कधी काय घडलं ते अगदी सेकंदाच्या हजाराव्या भागापर्यंत कळतं. कुठे घडलं ते मात्र अंदाजानेच. भिंतीला कान लावून शेजारच्या घरातलं भांडण ऐकण्यासारखं आहे हे. कधी आवाज चढला ते बरोबर कळतं, कोण कुठल्या खोलीत उभं होतं ते सांगणं कठीण.

ही साधी ईईजी. संशोधनातली युक्ती याच्या पुढची आहे. समजा तुमच्यासमोर पडद्यावर पाच बाण येतात. मधला बाण ज्या दिशेला असेल त्या बाजूचं बटण दाबायचं. कधी पाचही एका दिशेला असतात, कधी बाजूचे चार उलटे. आणि घाई करायची. माणूस चुकतोच. चुकला की त्याचं त्यालाच कळतं, तोंडातून ‘अरे’ निघतं. ते ‘अरे’ निघायच्याही आधी, बटण दाबल्यापासून ५० ते १०० मिलिसेकंदांत, डोक्याच्या मधोमध, किंचित पुढच्या भागात, ऋण दिशेला जाणारी एक लहर उमटते. १९९० च्या आसपास जर्मनी आणि अमेरिकेतल्या दोन गटांना ती स्वतंत्रपणे सापडली. आपण तिला ‘चूक-लहर’ म्हणू. एका चुकीत ती दिसत नाही, गोंगाटात बुडते. अनेक चुकांच्या नोंदी एकावर एक ठेवून सरासरी काढली की वर येते. मेंदूच्या मध्यभागी, दोन्ही अर्धगोलांच्या आतल्या बाजूला सिंग्युलेट नावाचा पट्टा आहे. त्याच्या पुढच्या भागातून ती येते असं मानतात.

आता ओसीडी. १९८७ मध्ये रॉजर पिटमन यांनी कल्पना मांडली होती, की ओसीडीत मेंदूची ‘काहीतरी चुकलंय’ ही घंटा थांबत नसावी. गॅस बंद आहे, डोळ्यांना दिसतंय, तरी आत घंटा वाजतेय. २००० साली विल्यम गेरिंग आणि सहकाऱ्यांनी ती घंटा मोजून पाहिली. ओसीडीच्या रुग्णांमध्ये चूक-लहर इतरांपेक्षा मोठी निघाली, आणि लक्षणं जितकी तीव्र तितकी लहर मोठी. त्या अभ्यासातले रुग्ण बोटांवर मोजण्याइतके होते, पण पुढे अनेक प्रयोगशाळांत हे पुन्हा पुन्हा सापडलं. काही अभ्यासांत तर बरोबर उत्तर दिल्यावर उमटणारी छोटी लहरही रुग्णांमध्ये वाढलेली दिसली. म्हणजे चूक नसतानाही घंटा थोडी वाजतेच.

हे आम्हाला सुंदर वाटतं. ‘बघ ना, बंद आहे तो गॅस, दिसत नाही का तुला?’ असं घरचे ओरडतात. त्या माणसाला दिसत असतं हो. दिसणं आणि ‘झालं’ असं वाटणं या मेंदूच्या दोन वेगळ्या कारभाऱ्यांच्या गोष्टी आहेत, आणि दुसरा कारभारी सही करत नाही. हे आळसाने नाही, नाटक म्हणून नाही, ‘मनावर घेतलं तर जाईल’ असंही नाही. एवढं जरी या संशोधनाने घराघरांत पोचवलं तरी पैसे वसूल.

इथपर्यंत कौतुक.

आता बघा, प्रयोगशाळेत तो माणूस खरोखर चुकलेला असतो. उलटं बटण दाबलेलं असतं. घरी रात्री गॅससमोर उभा असतो तेव्हा तो चुकलेला नसतो, त्याने सगळं बरोबर केलेलं असतं. खऱ्या चुकीवरची लहर मोजून खोट्या चुकीच्या भीतीविषयी बोलणं ही उडी आहे. उडी मारू नये असं नाही, पण उडी मारली हे सांगावं तरी. आणि खेळ बदलला की निकालही बदलतो. बाणांसारख्या, जिथे दोन उत्तरांत ओढाताण असते अशा खेळांत फरक बऱ्यापैकी नेमाने दिसतो. चुकत-चुकत शिकायच्या खेळांत तो बऱ्याचदा दिसत नाही. आजाराची खूण म्हणावी तर ती खेळ पाहून का बदलावी?

दुसरं असं, की ही मोठी लहर फक्त ओसीडीत नाही. नुसत्या अतिचिंतेचा त्रास असलेल्यांतही ती सापडते. आणि रुग्णांच्या ज्या भावंडांना, आईवडलांना स्वतःला काहीच त्रास नाही, त्यांच्यातही सरासरीने ती वाढलेली आढळली आहे. म्हणजे ही बहुधा आजाराची खूण नसून अशा घराण्यात चालत येणाऱ्या स्वभावाची, जोखमीची खूण असावी. संशोधकाला हे फार कामाचं. पण समजा तुमच्या मुलाची लहर मोठी आली; त्यावरून काय सांगणार? आजार आहे, होणार आहे, की त्याच्या काकाला आहे?

आणि सगळ्यात महत्त्वाचा अभ्यास आमच्या मते २००८ चा, ग्रेग हाय्चाक आणि सहकाऱ्यांचा. ओसीडी असलेल्या मुलांची लहर उपचाराआधी मोजली, मग वर्तनोपचार दिला, मग पुन्हा मोजली. मुलं सुधारली. लहर मोठी होती तशीच राहिली.

यावर जरा थांबू या. कारण ब्रेन मॅपिंगची सगळी जाहिरात एका गृहीतावर उभी आहे: आधीचा रंगीत नकाशा, नंतरचा रंगीत नकाशा, लाल होतं ते हिरवं झालं, म्हणजे बरा झालात. इथे मूल शाळेत जायला लागलं, हात धुणं कमी झालं, आईशी भांडण थांबलं, आणि यंत्र म्हणतंय काही बदललं नाही. खरं कुणाचं धरायचं? आमचं उत्तर सरळ आहे: मुलाचं. आजार म्हणजे लहर नव्हे, आजार म्हणजे गेलेले तास. घंटा तेवढ्याच जोरात वाजत असेल, पण मूल तिच्यामागे धावायचं थांबलं. उपचाराने शिकवलं ते हेच असावं. त्या मुलाला ‘तुझा मेंदू अजून आजारी आहे’ असं छापील कागदावर दिलं तर? ज्याचा आजारच शंका आहे त्याच्या हातात आपण आयुष्यभर पुरेल एवढी शंका देतो आहोत.

दुसऱ्या बाजूचाही एक पुरावा मांडायला हवा. १९९३ मध्ये लेस्ली प्रिचेप आणि सहकाऱ्यांनी साध्या ईईजीचं संगणकाने गणित करून ओसीडीचे दोन गट पाडले होते. एकात थीटा लहरी जास्त, दुसऱ्यात अल्फा जास्त. अल्फावाल्यांना नेहमीच्या सेरोटोनिनच्या औषधांचा बहुतेक वेळा गुण आला, थीटावाल्यांना बहुतेक वेळा आला नाही. हे जर पक्कं ठरलं असतं तर केवढी सोय झाली असती. ओसीडीत औषधाचा गुण कळायला दहा-बारा आठवडे लागतात, डोसही नैराश्यापेक्षा बऱ्याचदा जास्त लागतो. तीन महिने वाट बघून ‘जमत नाही’ कळण्याऐवजी पहिल्या दिवशी कळलं असतं. पण अभ्यास लहान होता. आज तीस वर्षांनंतरही ओसीडीचं औषध ईईजी बघून ठरवायची पद्धत कुठल्याही मान्य उपचारपद्धतीत आलेली नाही. कल्पना चांगली, पुरावा तोकडा, एवढंच. संशोधकांचा यात दोष नाही. दोष त्या माणसाचा, जो १९९३ चा कागद दाखवून आज तुमच्याकडून काही हजार रुपये घेतो.

थोडं गणित करू, कंटाळू नका. समजा एक ईईजी-चाचणी आहे. आजार असलेल्या शंभरांतले ८० ती पकडते, आणि नसलेल्या शंभरांतल्या ८० जणांना बरोबर सोडते. हे आकडे आम्ही धरून चाललोय, आणि उदारपणे. हजार माणसांना ही चाचणी लावली. त्यात ओसीडीचे दहा. त्यातले आठ पकडले, छान. उरलेल्या ९९० पैकी वीस टक्के, म्हणजे १९८, विनाकारण पकडले. एकूण २०६ जणांच्या हातात ‘ओसीडी आहे’ असा कागद, त्यात खरे आठ. दोन गटांच्या सरासरीत फरक असणं वेगळं आणि समोरच्या एका माणसाविषयी सांगता येणं वेगळं. कोकणातली माणसं सरासरीने घाटावरच्यांपेक्षा जास्त भात खातात, हे मान्य. म्हणून भात खाणाऱ्याला बघून तो महाडचा आहे असं कुणी म्हणत नाही.

हा घोटाळा महाराष्ट्राने एकदा फार मोठ्या किमतीला अनुभवला आहे. तो ओसीडीतला नाही, पण यंत्र तेच आणि चूकही तीच, म्हणून सांगतो. बंगळुरूच्या निमहान्समध्ये ज्यांनी अनेक वर्षं काढली त्या मानसशास्त्रज्ञ सी. आर. मुकुंदन यांनी ‘बिऑस’ नावाची पद्धत विकसित केली होती. संशयिताच्या डोक्यावर इलेक्ट्रोडची टोपी, त्याने काही बोलायचं नाही. त्याला गुन्ह्याविषयीची वाक्यं ऐकवायची आणि लहरींवरून ठरवायचं, की हा प्रसंग त्याने स्वतः अनुभवला आहे की नुसता ऐकलेला आहे. जून २००८ मध्ये पुण्याच्या सत्र न्यायालयाने एका खून खटल्यात जन्मठेप देताना या चाचणीच्या निष्कर्षाचाही आधार घेतला. जगभरच्या मेंदूशास्त्रज्ञांनी डोक्याला हात लावला, कारण ही पद्धत इतरांनी स्वतंत्रपणे तपासलेलीच नव्हती. त्याच वर्षी निमहान्सच्या संचालकांच्या अध्यक्षतेखालच्या तज्ज्ञ समितीने, हे पुरावा म्हणून वापरू नये, असं मत दिलं. पुढे ५ मे २०१० रोजी सर्वोच्च न्यायालयाने सेल्वी विरुद्ध कर्नाटक राज्य या निकालात सांगितलं, की माणसाच्या संमतीशिवाय नार्को, पॉलिग्राफ किंवा मेंदूच्या लहरींची चाचणी करता येणार नाही.

तो खटला खरा की खोटा, त्यावर आम्हाला बोलायचं नाही. बोलायचंय ते एवढंच, की लहरींचा कागद टेबलावर आला की समोर बसलेल्या माणसाचं बोलणं मागे पडतं. कोर्टात पडलं, दवाखान्यातही पडतं. आणि कोर्टात निदान उलटतपासणी असते. पोलादपूरच्या एखाद्या वाडीवरून दोन गाड्या बदलून मुंबईला किंवा पुण्याला आलेला बाप, हातात रंगीत मेंदू छापलेला कागद, तो कुणाची उलटतपासणी घेणार?

लहरी नोंदवूच नयेत असं आम्ही म्हणत नाही, गैरसमज नको. फिट येत असेल तर ईईजी हवीच. तिथे तिची किंमत शंभर वर्षांत सिद्ध झाली आहे. ओसीडीतही संशोधन पुढे जावं. अत्यंत तीव्र ओसीडी असलेल्या, मेंदूत खोलवर इलेक्ट्रोड बसवलेल्या मोजक्या रुग्णांच्या लहरी त्यांच्या घरी, रोजच्या जगण्यात नोंदवण्याचे प्रयोग अमेरिकेत झाले आणि २०२१ मध्ये प्रसिद्धही झाले. गॅससमोरच्या त्या क्षणाच्या जवळ जाणारं हे काम आहे. फक्त ते प्रयोग आहेत, आणि त्यात उतरलेल्या माणसांना ते प्रयोग आहेत हे माहीत आहे.

चांगलं वैद्यकशास्त्र म्हणजे महागडं यंत्र, असं वाटणाऱ्यांना महाडकरांनी तरी उत्तर द्यावं. डॉ. हिंमतराव बावस्कर १९७६ मध्ये इथे बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात आले तेव्हा लाल विंचू चावलेली माणसं, विशेषतः लेकरं, पटापट मरत होती. त्यांनी काय केलं? रात्र-रात्र खाटेशेजारी बसून घाम, थंड पडलेले हातपाय, नाडी, रक्तदाब, फुप्फुसात भरणारं पाणी, सगळं लिहून काढलं. ‘लॅन्सेट’ला लिहिलं. मग रक्तदाबावरचं प्राझोसिन हे साधं औषध वापरून मृत्यूंचं प्रमाण चाळीस टक्क्यांच्या घरातून एक टक्क्याच्या आसपास आणलं. त्यांच्या नोंदीतली प्रत्येक ओळ पुढच्या रुग्णाला काय द्यायचं, कधी द्यायचं, हे बदलत होती. ओसीडीच्या ईईजीला आम्ही हाच एक प्रश्न विचारतो: बाई, तुझ्यामुळे उद्या सकाळी या माणसाच्या उपचारात काय बदलणार? आज उत्तर आहे, काही नाही.

ओसीडीच्या खाटेशेजारी बसणं म्हणजे काय, तर येल-ब्राऊन नावाची दहा प्रश्नांची मोजपट्टी आहे, १९८९ ची. किती वेळ जातो, किती त्रास होतो, रोखायचा प्रयत्न करता का, किती रोखता येतं. शून्य ते चाळीस गुण. कागद, पेन आणि घाई नसलेला माणूस, एवढं सामान पुरतं. यातला शेवटचा जिन्नस आपल्याकडे सर्वांत दुर्मिळ आहे.

आणि उपचार. इथे एक गंमत आहे. मेंदूच्या लहरींच्या संशोधनात ‘ईआरपी’ म्हणजे घटनेशी जोडलेली लहर. आपली चूक-लहर त्यातलीच. ओसीडीच्या उपचारात ‘ईआरपी’ म्हणजे एक्स्पोजर अँड रिस्पॉन्स प्रिव्हेन्शन: भीतीला मुद्दाम सामोरं जायचं आणि नेहमीची कृती करायची नाही. व्हिक्टर मेयर यांनी १९६६ मध्ये याची सुरुवात केली. महाडच्या एसटी स्टँडवरच्या बाकाला हात लावायचा आणि तासभर हात धुवायचे नाहीत. जीव कासावीस होतो, वर वर चढतो, आणि मग धुतल्याशिवायच उतरायला लागतो. हे सोप्यापासून अवघडाकडे, शिकलेल्या माणसाच्या देखरेखीखाली. यात घरच्यांचंही काम असतं: ‘कडी लावली ना?’ या सहाव्या प्रश्नाला सहाव्यांदा ‘हो’ म्हणायचं नाही. कठोर वाटतं, पण आपलं प्रत्येक ‘हो’ त्या घंटेला तेल घालतं. एक ईआरपी महाग यंत्र मागते आणि अजून कुणाला बरं करत नाही. दुसरीला यंत्र लागत नाही, पण ती देणारी शिकलेली माणसं तालुक्याच्या गावी मिळत नाहीत. पैसा कुठे जायला हवा, तुम्हीच सांगा.

इथे व्याख्यान संपतं. दोन प्रश्न आले आहेत, ते घेऊ.

पहिला प्रश्न: ‘डॉक्टरांनी माझ्या बहिणीला ईईजी करायला सांगितली आहे, मग करू नये का?’ असं नाही. का सांगितली ते विचारा. फिटची शंका असेल, अचानक भान हरपत असेल, उतारवयात लक्षणं एकदम सुरू झाली असतील, तर दुसरा आजार नाही ना हे बघायला सांगू शकतात, आणि ते योग्यच आहे. ‘ओसीडी आहे की नाही ते ईईजीत दिसेल’ असं उत्तर आलं तर मात्र दुसऱ्या मानसोपचारतज्ज्ञाचं मत घ्या. चालू असलेलं औषध आमचं व्याख्यान ऐकून बंद करू नका.

दुसरा: ‘पोलादपूरमधून सुरुवात कुठून करायची?’ टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी नंबर चोवीस तास आणि फुकट आहे, मराठीत बोलता येतं. जिल्हा रुग्णालयाच्या पातळीवर जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम आहे. प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांना त्याची चिठ्ठी मागा. जाताना आठवडाभराची वही घेऊन जा: किती वाजता, काय केलं, किती मिनिटं गेली. तीन-चार ओळी रोज. आणि वहीत एखादी वेळ लिहायची राहिली तर राहू द्या, पुन्हा पहिल्यापासून लिहायला बसू नका.